नोकरी सांभाळून एम.कॉम. : सोलापुरातील हिशेबाच्या कामात असलेल्यांसाठी

सोलापुरात हिशेबाचे काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या कामाच्या जागाही नाना तऱ्हेच्या आहेत. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील टॉवेल-चादरींचे कारखाने, गणवेश शिवणारे उद्योग, नवी पेठेतील कापड दुकाने, जिल्हाभरातील साखर कारखाने, पतसंस्था, सीएंची कार्यालये, अशा सगळीकडे बी.कॉम. होताच कामाला लागलेली माणसे आढळतात. जुन्या दुकानांत त्यांना दिवाणजी म्हणतात, कारखान्यात अकाउंटंट म्हणतात. काम मात्र व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत बरेचसे सारखेच असते. काही वर्षे गेली की यांतल्या अनेकांच्या मनात एम.कॉम. करण्याचा विचार येतो, आणि फी किती, परीक्षा अवघड असते का, हे प्रश्न पहिल्यांदा विचारले जातात. माझ्या मते ते नंतरचे प्रश्न आहेत. ही पदवी आपल्याला नेमक्या कोणत्या कामासाठी हवी आहे आणि वर्षातले कोणते महिने खरोखर आपल्या हातात असतात, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, तर कोणत्या मार्गाने शिकायचे हे ठरवणे सोपे जाते.

आधी अभ्यासक्रमाची रचना पाहू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम क्रेडिटच्या हिशेबाने बांधलेले आहेत. दोन वर्षांची चार सत्रे, प्रत्येक सत्राला 22 क्रेडिट, अशी एकूण 88 क्रेडिट मिळवली की पदवी पूर्ण होते. पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तर ठरलेली क्रेडिट पूर्ण करणाऱ्याला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. नोकरदाराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे, कारण बदली, आजारपण किंवा घरची अडचण आली म्हणून पूर्ण केलेले वर्ष वाया जात नाही. ज्यांनी नव्या रचनेतील चार वर्षांची पदवी घेतली आहे त्यांना पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते. आपल्यासारख्या जुन्या तीन वर्षांच्या बी.कॉम.वाल्यांसाठी दोन वर्षेच धरावीत.

या रचनेत नोकरदाराने आधीच लक्षात घ्याव्यात अशा दोन गोष्टी आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा स्वतंत्र विषय असतो आणि दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष संशोधन प्रकल्प करावा लागतो. शिवाय पहिल्या वर्षी 4 क्रेडिटचे कार्यानुभव प्रशिक्षण असते, म्हणजे सुमारे 120 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढावे लागतात. आधीच नोकरीत असलेल्याने प्रवेश घेतानाच विभागप्रमुखांना विचारावे की स्वतःच्या कार्यालयातील काम या प्रशिक्षणात धरले जाईल का, त्यासाठी मालकाचे कोणते पत्र लागेल आणि अहवाल कोणत्या नमुन्यात द्यायचा. हे उत्तर तोंडी मिळाले तरी पुढे लेखी करून घ्यावे.

आता क्रेडिट म्हणजे वेळेच्या भाषेत किती, हे समजून घ्यायला हवे, कारण बहुतेकांचा अंदाज येथेच चुकतो. नियमित महाविद्यालयात सैद्धांतिक विषयाचे एक क्रेडिट म्हणजे 15 तासांचे अध्यापन असते, त्यामुळे 4 क्रेडिटच्या विषयाला 60 तास वर्गात बसावे लागते. दूरशिक्षणात वर्ग मोजकेच असतात, म्हणून तेथे विद्यार्थ्याने स्वतः करायच्या अभ्यासासकट एक क्रेडिट 30 तासांचे मानले जाते. त्या हिशेबाने 22 क्रेडिटचे सत्र 660 तासांचे झाले, आणि ते सहा महिन्यांच्या 26 आठवड्यांवर विभागले तर आठवड्याला सुमारे 25 तास पडतात. रोज नऊ-दहा तास कामावर असणाऱ्याला इतका वेळ काढणे जवळपास अशक्य आहे. वित्तीय लेखांकन किंवा कराच्या विषयात कामाचा अनुभव उपयोगी पडतो आणि तेथे तास वाचतात, हे खरे आहे. परंतु संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र हे विषय अनुभवाने हलके होत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे आठवड्याला बारा-तेरा तासच आहेत, त्याने दोन वर्षांच्या पदवीला तीन-चार वर्षे लागतील असे गृहीत धरून तशी मुभा देणारा मार्ग निवडावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

रोज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करणाऱ्याला एम.कॉम.मध्ये नवीन काय मिळते, अशी शंका मी अनेकांकडून ऐकली आहे. तिचे उत्तर कापड विणण्याच्या एका मागाच्या उदाहरणाने देतो. समजा, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने एप्रिलमध्ये 10 लाख रुपयांचा नवा माग घेतला आणि लगेच चालू केला. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे दिलेले आहे. 5 टक्के अवशिष्ट मूल्य सोडून सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखा, घसारा (यंत्राच्या झिजेचा खर्च) काढला, तर 9 लाख 50 हजारांना 15 ने भागून वर्षाला 63,333 रुपये येतात. प्राप्तिकरासाठी मात्र त्याच मागावर घटत्या शिलकेच्या पद्धतीने, दरवर्षी उरलेल्या किमतीवर 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 1,50,000 रुपये घसारा मिळतो. एकच माग, एकच वर्ष, आणि दोन आकड्यांत 86,667 रुपयांचा फरक.

हिशेबाचे काम करणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो. तो दोन तक्ते करतो आणि कराचा तक्ता सीएंकडे पाठवतो. त्या फरकाचा अर्थ काय, येथून एम.कॉम.चा अभ्यास सुरू होतो. यंदा कर कमी भरला गेला, पण तो माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे. दुसऱ्या वर्षी कराचा घसारा 1,27,500 होतो, तिसऱ्या वर्षी 1,08,375, असा तो उतरत जातो आणि पुस्तकी घसारा 63,333 वरच थांबलेला असतो. सहाव्या वर्षी कराचा घसारा 66,556 रुपये असतो, सातव्या वर्षी तो 56,572 वर येतो आणि फरकाची दिशा उलटते. तेथून पुढे पुस्तकी नफ्याच्या मानाने कर जास्त भरावा लागतो. या पुढच्या जबाबदारीची तरतूद आजच्या ताळेबंदात दिसावी म्हणून लेखा मानक 22 प्रमाणे डिफर्ड टॅक्सची, म्हणजे पुढे ढकललेल्या कराची, नोंद करतात. कंपनीने सवलतीचा 22 टक्के दर स्वीकारला असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तो 25.168 टक्के होतो आणि 86,667 रुपयांवर 21,812 रुपयांची तरतूद येते. नफा-तोटा पत्रकात ती नावे पडते आणि ताळेबंदात देयता म्हणून जमा होते. वर्षअखेरीस लेखापरीक्षक जी नोंद सांगतात आणि आपण जशीच्या तशी करतो, तिच्यामागचे कारण आपले आपल्याला सांगता येणे, बँकेच्या अधिकाऱ्याने ताळेबंदावर बोट ठेवून विचारले असता मालकाच्या वतीने उत्तर देता येणे, हा या अभ्यासाचा खरा लाभ आहे. मी त्याला पदवीच्या कागदाइतकेच महत्त्व देतो.

तरीही कागद कोठे चालतो हे पाहावेच लागते. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर एम.कॉम.ला पर्याय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे, अथवा विहित पद्धतीने घेतलेली पीएच.डी., ही पात्रता लागते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत 5 टक्क्यांची सवलत आहे. नेट परीक्षेला सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी कमाल वयाची अट नाही, त्यामुळे चाळिशीत एम.कॉम. करणाऱ्यालाही हा मार्ग खुला आहे. ज्यांचा हा हेतू आहे त्यांनी 55 टक्क्यांची रेषा पहिल्या सत्रापासून डोळ्यांसमोर ठेवावी. केवळ उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यास करून 52 टक्क्यांवर अडकलेल्या माणसाला पुढे फार त्रास होतो. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, हेही शिक्षणाचे माध्यम निवडताना लक्षात असू द्यावे.

सहकाराच्या क्षेत्रात लेखापरीक्षण करायचे असेल, तर केवळ एम.कॉम. पुरत नाही. सोलापूर जिल्ह्यात पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या आणि गृहनिर्माण संस्थांचे जाळे मोठे आहे आणि त्यांच्या लेखापरीक्षणाची सोय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 मध्ये आहे. त्यातील प्रमाणित लेखापरीक्षकासाठी पदवी, शासनाची जीडीसी अँड ए ही पदविका, लेखापरीक्षणाचा अनुभव आणि मराठीचे ज्ञान अपेक्षित असते. ही पदविका सहकार खाते घेते. तिला सहा विषय असतात, वर्गाला जाण्याची सक्ती नसते, आणि लेखाशास्त्र व लेखापरीक्षणाचे विषय एम.कॉम.शी जुळणारे असल्यामुळे दोन्ही अभ्यास एकमेकांना पूरक ठरतात. पतसंस्थेत काम करणाऱ्याने मला सल्ला विचारला, तर मी त्याला आधी जीडीसी अँड ए करायला सांगेन आणि एम.कॉम. मागाहून.

सीए होण्याची इच्छा मागे राहून गेलेले अनेक जण एम.कॉम.कडे त्याचा पर्याय म्हणून पाहतात. दोन्हींचे काम वेगळे आहे. कंपनीच्या हिशेबांवर लेखापरीक्षक म्हणून सही करण्याचा अधिकार एम.कॉम.ने मिळत नाही. बी.कॉम.ला 55 टक्के असतील, तर सीएच्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश मिळतो, परंतु पुढे दोन वर्षांची पूर्ण वेळ आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या हाताखाली प्रशिक्षण, करावी लागते आणि त्या काळात दुसरी नोकरी चालत नाही. घर चालवणाऱ्या माणसासाठी ती मोठी अट आहे. त्या मानाने कॉस्ट अकाउंटंट होण्यासाठी लागणारा 15 महिन्यांचा अनुभव हिशेबाच्या नोकरीतूनही भरून काढता येतो. सूतगिरणी, टॉवेल कारखाना किंवा साखर कारखाना अशा उत्पादन क्षेत्रात असणाऱ्याने एम.कॉम.पूर्वी त्या मार्गाचा जरूर विचार करावा. बँकेत असणाऱ्यांना जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षांचा वेतनवाढीसाठी अधिक थेट उपयोग होतो.

शिक्षणाचे मार्ग तीन आहेत: नियमित, दूरस्थ आणि ऑनलाइन. नियमित मार्गासाठी सोलापुरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालये आहेत. दयानंद संस्थेचे वेलणकर वाणिज्य महाविद्यालय आणि हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय ही नावे येथील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोत. वर्ग किती वाजता सुरू होतात आणि हजेरीचा नियम कसा पाळला जातो, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. दुकानाची वेळ सकाळी दहाची असेल आणि वर्ग त्याआधी सुटत असतील, तर नियमित प्रवेशही जमू शकतो. 75 टक्के हजेरीची अट मात्र गांभीर्याने घ्यावी. परीक्षेचा अर्ज भरताना नाव अडवले गेले म्हणजे फारसा उपाय उरत नाही.

दूरस्थ मार्गात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ज्याची स्थापना 1989 ची, आणि 1985 मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, ही दोन नावे प्रमुख आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात मराठीतून अभ्यासाची सोय मिळते. इग्नूत जुलै आणि जानेवारी असे दोन वेळा प्रवेश होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि 30 टक्के भार स्वाध्यायांना तर 70 टक्के सत्रान्त परीक्षेला असतो. स्वाध्याय मुदतीत लिहून देणे हा या मार्गातील सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वेळा हातचा जाणारा भाग आहे.

दूरशिक्षणाची पदवी दुय्यम असते, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. आयोगाने मान्यता दिलेल्या संस्थेची, मान्यता असलेल्या सत्रात घेतलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे आयोगाच्या 2020 च्या नियमावलीत स्पष्ट केलेले आहे. या वाक्यातला ‘मान्यता असलेल्या सत्रात’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. मान्यता विद्यापीठाला, अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रांना मिळते. विद्यापीठ खरे असूनही एखाद्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी परवानगी नसू शकते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी पाहता येते आणि ती पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. याच विभागाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचे खाते लागते. बाहेरच्या राज्यातील विद्यापीठाचे ‘केंद्र’ म्हणून एखादा गाळा चालवणारा माणूस वर्षभरात पदवी, परीक्षा घरबसल्या, असे सांगत असेल, तर तेथून उठावे. विद्यापीठांना असे अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला आयोगाची मनाई आहे. हे मी ठासून लिहितो, कारण कष्टाचे पैसे आणि दोन वर्षे अशा ठिकाणी घालवलेल्या माणसाला नंतर कोणाकडेही दाद मागणे अवघड जाते.

आता महिन्यांचा प्रश्न. हिशेबनिसाचा महिना कॅलेंडरप्रमाणे सरळ जात नाही. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रे, त्यात पगार आणि पीएफ. वर्षाच्या पातळीवर मार्चअखेर, जुलैमध्ये पगारदारांची विवरणपत्रे, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट. नियमित विद्यापीठाच्या परीक्षा दिवाळीच्या आसपास आणि उन्हाळ्यात येतात. कापड दुकानात काम करणाऱ्याला दिवाळीचा महिना जड जातो आणि लगेच सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा जानेवारी उभा असतो. साखर कारखान्यात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की हिशेब विभागाला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे देण्याचे बंधन आहे आणि उशीर झाला की 15 टक्के व्याज लागते. अशा माणसाने हिवाळी परीक्षेत सगळे विषय देण्याचा हट्ट धरू नये. इग्नूसारख्या व्यवस्थेत डिसेंबरला एक-दोन विषय ठेवून जूनला बाकीचे देता येतात. सीएंच्या कार्यालयात काम करणाऱ्याला याच्या उलट डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने मोकळा मिळतो. म्हणून प्रवेशापूर्वी मागच्या वर्षीचे परीक्षा वेळापत्रक मिळवून ते स्वतःच्या कामाच्या तारखांशेजारी मांडावे आणि मालकाशी रजेचे बोलणे तेव्हाच करावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागितलेली रजा आणि सहा महिने आधी सांगून ठेवलेली रजा यांत फार फरक पडतो.

अभ्यासात नोकरदाराला एक अडचण येते, जिचा विचार कोणी आधी करत नाही. वर्षानुवर्षे कीबोर्डवर काम केल्यामुळे हाताने लिहिण्याची सवय सुटलेली असते. सॉफ्टवेअर खतावणी आणि तेरीज आपोआप करून देते, त्यामुळे एकत्रित ताळेबंदाचे किंवा प्रक्रिया परिव्ययाचे उदाहरण कागदावर पट्टीने रकाने आखून सोडवताना वेळ पुरत नाही. उत्तर येत असूनही तीन तासांत पेपर पूर्ण होत नाही, आणि आकडा मनातल्या मनात काढण्याची सवय असलेला माणूस कार्यटिपा लिहीत नाही, ज्यांना गुण असतात. यावर उपाय एकच, आठवड्यातून निदान दोन मोठी उदाहरणे घड्याळ लावून, हाताने, टिपांसकट सोडवावीत. दुसरी सावधगिरी कायद्याची. नवा प्राप्तिकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आहे आणि 1961 च्या कायद्याची कलमे आपल्याला तोंडपाठ आहेत. जीएसटीचे दरही 22 सप्टेंबर 2025 पासून बदलले. परीक्षेला कोणत्या वर्षाचा कायदा लागू आहे, हे विद्यापीठाच्या सूचनेत पाहूनच पुस्तक घ्यावे.

पैशांबाबत थोडक्यात. शिकवणी फीची जी वजावट आपण इतरांच्या विवरणपत्रात दाखवतो, ती मुलांच्या शिक्षणासाठी आहे, स्वतःच्या फीला ती लागू होत नाही. उच्च शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज काढले, तर त्याच्या व्याजाची वजावट मिळते, पण जुनी कररचना निवडली असेल तरच. 2022 पासून आयोगाने एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली आहे. नोकरी करणाऱ्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते.

कागदपत्रांची तयारी प्रवेशाच्या निदान दोन महिने आधी सुरू करावी. सोलापूरचे विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे त्या काळात बी.कॉम. झालेल्यांची पदवी शिवाजी विद्यापीठाची आहे आणि स्थलांतर प्रमाणपत्र तेथूनच काढावे लागते. सोलापूर विद्यापीठाचे नाव 2019 मध्ये बदलले, म्हणून जुन्या आणि नव्या गुणपत्रिकांवर वेगवेगळी नावे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी आधार कार्ड, गुणपत्रिका आणि डीईबी आयडी यांवरील नाव जुळते का ते तपासावे. जुळत नसेल, तर राजपत्रातील नावबदलाची किंवा विवाह नोंदणीची प्रत हाताशी ठेवावी आणि कोणत्या नावाने प्रवेश घ्यायचा हे अर्ज भरण्यापूर्वीच अभ्यासकेंद्रात विचारून घ्यावे, कारण पदवी प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येते.